मीटर एक, चुली तीन

आमच्या घरचं वीजबिल अजून आजोबांच्या नावावर येतं. आजोबांना जाऊन २२ वर्षं झाली. बिल वाटणारा मुलगा दारात त्यांचं नाव घेऊन हाक मारतो. एकदा माझ्या धाकट्या पुतणीनं त्याला सरळ सांगितलं होतं, 'वो तो कब्रस्तान में हैं.' तो बिचारा गोंधळला, बिल उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. आम्ही हसलो आणि बिल भरलं. नाव बदलायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पेठेत महामार्गापासून आत आमचं जुनं घर आहे. त्यात तीन चुली आहेत: बडे अब्बांची, आमची आणि चाचांची. माणसं १४. मीटर एक. मागच्या काही वर्षांत या एका मीटरच्या बिलावरून घरात जेवढी तोंडं वाकडी झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत. कुणाच्या मुलानं पंखा चालू ठेवला, कुणाच्या भाभीनं रोज इस्त्री केली, कुणाचा फ्रिज जुना आहे. भाऊ भावाच्या खोलीतला दिवा मोजू लागला. आणि हे सगळं चालू असताना, हा राग नेमका कुणावर काढायला हवा, हे आमच्यापैकी कुणीच बिल उलटं करून पाहिलं नव्हतं.

मशिदीच्या पायऱ्यांवर आणि टपरीवर बिलाबद्दल तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. सरकारनं लुटलं. मीटर पळतं. आणि ३०० युनिट ओलांडले की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो. यातली पहिली अर्धी खरी आहे. दुसरी कधीकधी खरी असते. तिसरी साफ चूक आहे, आणि आमच्या मोहल्ल्यात तीच सर्वात ठामपणे सांगितली जाते.

स्लॅब म्हणजे जिना. पहिल्या १०० युनिटला पहिल्या पायरीचा दर, १०१ ते ३०० ला दुसरीचा, ३०१ ते ५०० ला तिसरीचा, त्यापुढं चौथीचा. तुम्ही ३२० युनिट वापरलेत तर तिसऱ्या पायरीचा दर फक्त वरच्या २० युनिटना लागतो. खालचे ३०० आपापल्या जागी राहतात. हे बरं आहे. वाईट हे की पायऱ्या फार उंच आहेत. माझ्या हातात २०२४-२५ ची बिलं आहेत, म्हणून हिशेब त्या वर्षाच्या दरांनी करतो. पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, पुढच्या २०० ना १० रुपये २९ पैसे, त्यापुढच्या २०० ना १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० नंतर १६ रुपये ६४ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणल्याचं भाडं. सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये, एकही दिवा लावला नाही तरी. आणि या सगळ्या बेरजेवर सरकारचं वीज शुल्क १६ टक्के. स्थिर आकारावरसुद्धा.

म्हणजे शंभरावं युनिट शुल्कासकट ६ रुपये ८२ पैशांना पडतं आणि एकशे एकावं १३ रुपये २९ पैशांना. पंखा तोच, हवा तीच. तीनशे एकावं युनिट १८ रुपये २४ पैशांना.

आता दरवाढीचं. २०२३ च्या मार्चअखेर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आदेश आला. बातम्यांत मथळा होता की महावितरणची सरासरी वाढ २०२३-२४ साठी २.९ टक्के आणि २०२४-२५ साठी ५.६ टक्के. लोकांनी सुस्कारा टाकला, तीन टक्के म्हणजे काय, भाजी त्याहून जास्त वाढते. आणि मग बिल आलं. त्याआधीच्या वर्षी पहिल्या स्लॅबचा वीज आकार ३ रुपये ३६ पैसे होता, तो ४ रुपये ४१ पैसे झाला. ही ३१ टक्के वाढ आहे. पण वहन आकार १ रुपया ३५ पैशांवरून १ रुपया १७ पैशांवर आला, म्हणून दोन्ही मिळून वाढ १८ टक्क्यांच्या आसपास. आणि २०२२ च्या पावसाळ्यात पहिल्या स्लॅबला युनिटमागं ६५ पैसे इंधन समायोजन आकार लावला जात होता, तो जुन्या दरात धरला तर वाढ उरते ४ टक्के.

एकतीस, अठरा, चार. तिन्ही आकडे खरे आहेत. कुणी कुठून मोजतो एवढाच फरक. मला राग येतो तो या मोजणीचा. इंधन समायोजन आकार पाहुण्यासारखा येतो. कोळसा महाग झाला, वीज महाग घ्यावी लागली, म्हणून तात्पुरता. आपण तो पाहुणा समजून सोसतो. मग एप्रिल उजाडतो, पाहुण्याचं सामान मूळ दराच्या खोलीत हलवलेलं असतं, आणि आपल्याला सांगितलं जातं की घरात नवीन कुणी आलेलंच नाही. २०२२-२३ च्या मूळ दरानं १०० युनिटचं बिल शुल्कासकट ६६८ रुपये होत होतं. २०२४-२५ च्या मूळ दरानं तेच ८३१ रुपये. दोन एप्रिलांत १६३ रुपये, जवळपास २४ टक्के. कोणत्या मथळ्यात तुम्ही हा आकडा वाचला?

त्यात ही वाढ लागू होते १ एप्रिलला. सातगाव पठारावर राहणाऱ्याला एप्रिल सांगावा लागत नाही. पत्रे तापतात, पंखे दिवसरात्र फिरतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी १ एप्रिल रमजानमध्ये आला. पहाटे चारला सहरीसाठी तिन्ही चुलींवर दिवे, रात्री तरावीहनंतर पुन्हा जाग. युनिटही वाढले आणि दरही वाढला, दोन्ही एकाच बिलात. त्यामुळं बडे अब्बांना वाटलं चाचांच्या कूलरनं बिल वाढलं, चाचांना वाटलं सरकारनं वाढवलं. दोघंही अर्धे बरोबर होते आणि दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. उन्हाळ्यातच आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी असा नियम आहे. दर वाढला, बिल वाढलं, तर ठेवही अपुरी ठरते आणि फरक मागितला जातो. तो दंड नाही, त्यावर व्याज मिळतं, कनेक्शन बंद केलं तर ती परतही मिळते. आमच्या बाबतीत ती आजोबांना परत मिळेल.

पण वाढीवर एवढं बोलून थांबलो तर मी सगळ्या भाषणांसारखं एक भाषण केलं असं होईल. आमच्या घराला खरा मार दरवाढीचा नाही. तो मोजण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो १ एप्रिललाच नाही, दर महिन्याला बसतो.

प्रत्येक चुलीचे १०० युनिट धरा. एका मीटरवर ३०० युनिट झाले. २०२४-२५ च्या दरानं, इंधन समायोजन सोडून, बिल ३,४८९ रुपये. आता कल्पना करा की तिन्ही चुलींना वेगळं मीटर आहे. प्रत्येकाचं बिल ८३१, तिन्ही मिळून २,४९२ रुपये, आणि यात तीन वेळा स्थिर आकार भरलेला आहे. तीच वीज, तीच माणसं, तेच छप्पर. फरक महिन्याला ९९७ रुपये, वर्षाला १२ हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात प्रत्येक चुलीचे २० युनिट वाढले की हा फरक १,२९४ वर जातो.

दुसऱ्या बाजूनं पाहा. आमच्या घरात माणशी महिन्याला २२ युनिटसुद्धा पुरते जळत नाहीत, आणि सरासरी युनिट पडतं ११ रुपये ६३ पैशांना. पुण्यात दोघांच्या फ्लॅटमध्ये १०० युनिट जळतात, माणशी ५०, आणि त्यांना युनिट पडतं ८ रुपये ३१ पैशांना. कमी वापरणाऱ्याला महाग, जास्त वापरणाऱ्याला स्वस्त. आणि स्लॅब कशासाठी? गरिबाला स्वस्त आणि उधळ्याला महाग मिळावी म्हणून!

स्लॅब मीटर मोजतो, माणसं मोजत नाही. माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे.

हेच राज्य माणसं मोजू शकत नाही असं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला धान्य माणशी ५ किलो मिळतं. रेशन दुकानदार अंगठा घेतो, कार्डावरची नावं मोजतो, पैगंबरवासी झालेल्याचं नाव कमी करायला सांगतो. तिथं आमचं घर तीन कार्डं आणि १४ माणसं आहे. विजेच्या कागदावर तेच घर एक माणूस आहे, आणि तोही हयात नाही. गव्हाला जे कार्ड चालतं ते विजेच्या स्लॅबला का चालू नये? एका मीटरवर जेवढी रेशनकार्डं, तेवढ्या वेळा पहिला स्लॅब. एवढं साधं मागणं आहे. लोक खोटी कार्डं जोडतील म्हणाल, तर धान्यातही जोडत होते. म्हणून कुणी धान्य मीटरवर वाटायला घेतलं नाही.

निवडणुकीतल्या घोषणाही मीटरच मोजतात. २०२४ च्या विधानसभेत एका बाजूनं वीजबिलात ३० टक्के कपात म्हटलं, दुसऱ्या बाजूनं ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना १०० युनिट माफ म्हटलं. आमचं घर हिवाळ्यात ३०० च्या आत आणि एप्रिलमध्ये बाहेर. म्हणजे ज्या महिन्यात मदत हवी त्याच महिन्यात आम्ही श्रीमंत ठरलो असतो. पुढं २८ मार्च २०२५ ला, ईदला तीन दिवस असताना, आयोगाचा दर कमी करणारा आदेश आला. २ एप्रिलला, ईदची शीरखुर्मा संपायच्या आत, कंपनीच्या मागणीवरून त्याला स्थगिती आली. मग २५ जूनला फेरआदेश आणि १ जुलैपासून नवे दर. मुख्यमंत्री फडणवीसांनी पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कपात जाहीर केली, १०० युनिटपर्यंतच्या ग्राहकाला १० टक्के. शंभराच्या आतल्या ग्राहकाला मिळाली याचा आनंद आहे. आमच्या तीन चुलींपैकी ती किती जणींना मिळाली, सांगा. शंभर युनिटपुरती, एकीला.

शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज झाली त्याबद्दल माझी तक्रार नाही. पठारावर बटाटा काढणाऱ्याचं काय होतं ते मी जन्मापासून पाहतो. पण आमच्या मोहल्ल्यात कुणी फिटर, कुणी टेलर, कुणी कोंबडीचं दुकान, कुणी टेम्पोवर. सातबारा नसलेल्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही, आणि तो कुठल्याच मोर्चात मोजला जात नाही.

सर्वात वाईट अवस्था भाडेकरूंची. महामार्गाच्या कडेनं खोल्यांच्या चाळी झाल्या आहेत. मालक एक मीटर घेतो, आत आठ उपमीटर लावतो आणि युनिटला सरसकट १५ रुपये घेतो. एक बल्ब, एक पंखा, मोबाइल. ४० युनिट, ६०० रुपये. त्या खोलीला स्वतःचं मीटर असतं तर स्थिर आकार धरूनही बिल ४२१ झालं असतं. मी एका मालकाला, आमच्याच पहिल्या सफेतल्या नमाजीला, विचारलं. त्यानं त्याचं बिल माझ्यासमोर टाकलं. आठ खोल्या मिळून वापर ५०० च्या वर, आणि त्यापुढचं युनिट शुल्कासकट २० रुपये ६६ पैशांना. तो म्हणाला, 'मीच तोट्यात आहे.' ते खोटं आहे, कारण त्याचेही खालचे युनिट स्वस्त आहेत आणि सरासरी १५ च्या खालीच बसते. ती मी त्याच्यासमोर काढून दाखवली. त्यावर तो असरच्या अजानची वेळ झाली म्हणून उठला. पण त्याच्या बोलण्यात एक खरं होतं: एका खोलीत पंख्याखाली झोपणारा मजूर एसीच्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये ढकलला गेलाय. मालकानं त्यात आपला हात धुऊन घेतला, एवढंच.

मी हा हिशेब जुम्म्यानंतर काहींना दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं लगेच म्हटलं, मुसलमानांच्या वस्तीवर जाणूनबुजून होतंय. नाही, मियाँ. आयोगाला आपला मोहल्ला कुठं आहे हे ठाऊकही नाही. पलीकडच्या वाड्यात तीन भाऊ, तीन चुली, एकच मीटर आणि हेच भांडण आहे. त्यांच्या बिलावरही त्यांचे वारलेले आजोबाच आहेत. जिथं घर मोठं, खिसा लहान आणि कागद जुना, तिथं हा मार बसतो. आपल्याकडं तो जास्त घरांत बसत असेल तर त्याचं कारण कुणाचं कारस्थान नाही. दरवाढीआधी आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो, मराठीत लिहून देता येतं. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहकांच्या संघटनेतर्फे वर्षानुवर्षं तिथं उभे राहत आले आहेत. आपल्या जमातीतून, आपल्या तालुक्यातून कोण गेलं? आपण जलशांना बस भरून जातो.

मग वेगळी मीटरं का घेत नाही, असं कुणीही विचारेल. मी गेलो होतो विचारायला. खिडकीतल्या माणसानं काही वावगं सांगितलं नाही. वेगळ्या घराचा कागद आणा, म्हणाला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढला. त्यावरही आजोबा. वारसांची नोंद लावायची तर वारस सांगावे लागतील. आणि इथं आमच्या घरात सगळे एकदम गप्प झाले.

कारण वारस तीन नाहीत, चार आहेत. तीन भाऊ आणि एक बहीण. जुन्नरला दिलेली माझी फुफी. शरीयतनं हिशेब स्वच्छ आहे, मुलाला दोन, मुलीला एक; सात हिस्से, त्यातला एक तिचा. तो हिस्सा कुणाच्या मेहरबानीनं नाही, सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे. तलाकवर, पोटगीवर, समान नागरी कायद्यावर कुणी बोललं की आमचे बुजुर्ग शरीयतसाठी जीव द्यायला तयार होतात. या सातव्या हिश्श्याची गोष्ट निघाली की त्यांना एकदम गावची रीत आठवते. 'बहनें अपने यहाँ हिस्सा लेती नहीं.' घेत नाहीत, की त्यांच्यापुढं हक्कसोडपत्र सरकवलं जातं आणि त्या माहेर तुटू नये म्हणून सही करतात? बडे अब्बांचं म्हणणं, नोंद लावायची तर आधी तिची सही घेऊन ये. मी विचारलं, कशावर? त्यांनी उत्तर दिलं नाही.

म्हणून २२ वर्षं घर आजोबांच्या नावावर आहे. म्हणून मीटर एक आहे. म्हणून महिन्याला हजार रुपये जास्त जातात. बहिणीचा सातवा हिस्सा वाचवायला आम्ही वर्षाला १२ हजार महावितरणला देतोय, आणि शिव्याही तिलाच घालतोय. हे लिहिल्यावर घरात माझं काय होईल ते होवो.

आयोगाची पद्धत चुकीची आहे हे माझं म्हणणं यानं बदलत नाही. कागद साफ झाला तरी ज्यांचं घर वाटता येण्याएवढं नाही, एका खोलीत दोन संसार आहेत, चाळीत आठ खोल्या आहेत, त्यांना वेगळं मीटर मिळणारच नाही. त्यांच्यासाठी रेशनकार्डावर स्लॅब मोजण्याची मागणी करावीच लागेल, आणि पुढच्या सुनावणीला ती लिहून द्यायची असं मी आणि पलीकडच्या वाड्यातल्या मधल्या भावानं ठरवलं आहे. त्याचं अक्षर चांगलं आहे. पण तिथं उभं राहून 'माणसं मोजा' म्हणायचं, तर आपल्या घरातली आपण मोजलेली हवीत.

परवा रात्री फुफीला फोन केला. बिल, स्लॅब, उतारा, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'बिजली के वास्ते याद आयी क्या रे मेरी?'

रविवारी जुन्नरला जातोय. वारस नोंदीचा अर्ज बरोबर घेतलाय, चारही नावं घालून. हक्कसोडपत्र घेतलेलं नाही.